लाल लाइट जळे तवर

१२ ऑक्टो. ८१, सानगडी
मामा आला. म्हंजे मामा, मामी आन त्याहिचा फोटोचा डब्बा. जुन्या बसचा मागचा अर्धा भाग, खाली दोन चाकं, जीपच्या मागं बांधलेला. कोन्यातरी मासिकात मामानं साहेब लोकाइची चाकावरची खोली पायली, तवापासून तो त्याले 'कारवान' म्हनते. गावातले पोट्टे डब्बाच म्हनतात. आत पुढं फोटो धुवाची काळी खोली, मागं चूल आन झोपाची जागा. दिवाळी झाली का संक्रांतीपरेंत मंडईच्या जत्राइत फिरून लोकाइचे फोटो काढते.

या खेपी मामीवर चिडून आहे. लाखनीले सांज झाली, मामीनं दारातून हात टाकून पांढऱ्या लाइटाचं बटन दाबलं आन लाइटाले हात जोडले. आतमधी मामा फोटोच्या कागदाचं पाकीट उघडून बसलेला. सगळं पाकीट गेलं.
मामी : सांजेले घर अंधारात ठेवाचं काय?
मामा : ते घर नोहे वं, काळी खोली आहे!
मामी : मंग मले बिना दिव्याच्या घरात कायले आनलं?
माय हासून हासून बसली खाली.

१३ ऑक्टो.
मामानं बाबाले म्हनलं, लाइटाचं काहीतरी करून द्या. बाबाच्या दुकानात बॅटऱ्याइची रांग, सगळे ट्रॅक्टरवाले आत्ताच येतात. बाबा म्हनले, "हिले सांग. हिचा हात माह्यापेक्षा साफ आहे."
मामा मले पाहून, "ही बोलन का वायरीसंगं? मानसासंगं त बोलत नाही."

सातवीनंतर मी दुकानातच बसते. शाळेत मास्तरनं उभं केलं का येत असूनबी तोंडातून शब्द निघे ना. पोट्टे हासत. आठवीले गेलीच नाही. वायरीले उत्तर देवा लागत नाही, हे बरं आहे.

डब्बा खोलून पायला. कोनीतरी गाडीसारखी वायरिंग केली आहे. गाडीत बॅटरीपासून एकच वायर येते, करंटच्या परतीचं काम पत्रा करते. पन डब्ब्याचा आन जीपचा जोड म्हंजे एक गंजलेला हुक. म्हनून लाइट फडफडते. परतीची वायर वेगळी टाका लागन.

१४ ऑक्टो.
वायर ओढून राहिली होती. मामा मायजवळ हळूच म्हनला, "या साली चिखल्याची मंडई धरतो."
मायच्या हातातलं सूप थांबलं तेवढं.

ताई चिखल्याले आहे. भाऊजी खदानीत कामाले. दीड वर्स झालं लग्नाले, एकदाबी माहेरी आली नाही. लग्नात विहिनीच्या मानाचं लुगडं हलकं निघालं म्हनून तिच्या सासूनं ते भर मांडवात वापस फेकलं. बाबा पंगतीतून उठले. म्हनले, या मानसाइच्या दारात मी पाय ठेवनार नाही. ते म्हनले, मंग पोरगीबी येनार नाही. तवापासून असंच. माय पोस्टकार्ड टाकते, उत्तर नाही.
आता इथं पूर्न नाव लिहीत नाही. ता. आन चि. लिहीन. बाबाच्या हाती वही लागली तर.

मले जावाचं आहे. मले ता.ले पाहाचं आहे. एवढंच. आनखी काही नाही पायजे.

१५ ऑक्टो.
मामाचं काम असं आहे. लाल लाइटात कागद काढाचा, त्याच्यावर निगेटिव ठेवाचं, मंग पांढरा लाइट तीन मोजेपरेंत, मंग वापस लाल. लाल लाइटात कागद खराब होत नाही. म्हंजे दोन्ही लाइट एकसाथ कवाच नाही लागले पायजे.
जिन्यावर लावतात ते टू-वे बटन लावलं. मधल्या पेचाले बॅटरी, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं पांढरा. खट् लाल. खट् पांढरा. मामा पोट्ट्यासारखा दहा वेळ दाबत बसला.

१६ ऑक्टो.
इज्जत गेली.
सकाळी जीप सुरूच नाही. बॅटरी ठन्न. बाबानं डब्ब्यात डोकं घातलं आन हासाले लागले. "अवं, लाल बंद केला का पांढरा, पांढरा बंद केला का लाल. हा लाइट बंद कवा होनार?"
रातभर जळत राहिला. मले सुचलंच नाही का टू-वेले बंद नसते.
मामानं चौकातले सहा जन बोलावून जीपले धक्का मारला. "लावा जोर! माही भाची इंजिनेर आहे!" म्हनत. मी दुकानाच्या आत जाऊन बसली, दुपारपरेंत बाहेर नाही आली.

१७ ऑक्टो.
टू-वेच्या आधी एक साधं बटन टाकलं, सगळं बंद कराले. दोन्ही बटनं आत वरच्या फळीखाली, दारातून हात टाकला तरी पुरत नाही. मामीले चुलीपाशी तिचा वेगळा बारका बल्ब आन वेगळं बटन. मामीनं लगेच हळदकुकू लावलं त्याले.

मामा म्हनला, लोक दार ढकलतात, पाटी लावली तरी कोनी वाचत नाही. मंग दाराच्या वर बाहेरून एक लाल दिवा लावला, ट्रकच्या मागचा. आतल्या लालचीच वायर त्याले. आत लाल तर बाहेर लाल. पांढऱ्याच्या वेळी बाहेरचा विझते, पन तीन मोजेपरेंतच. तेवढ्यात कोन येते.
बाबानं पायलं. पाना ठेवला आन म्हनले, "हे कोनी सांगतलं?"
कोनी नाही.
"बरं आहे." बाबाचं बरं आहे म्हंजे लय झालं.

१८ ऑक्टो.
मामा जेवताना म्हनला, दिवाळीनंतर हिले नेतो संगं, वायरिंग बिघडली तर कोन पाहीन. तुमसरकडं जाऊ. चि. तुमसरच्या पुढंच, पन त्याचं नाव नाही घेतलं.
बाबा लय वेळ भात कालवत राहिले. "तुमसरकडं," असं म्हनले. मंग, "जाऊ दे."
समजले असन काय? चेहऱ्यावरून काही कळे ना.

३ नोव्हे., लाखनीच्या अलीकडं
निघालो. मायनं अनरसे बांधून देल्ले. डब्ब्यात दोन गाठोडे. एक आमाले. एक कोनाचं ते नाही सांगतलं, मीबी नाही विचारलं.
धान कापनीले आले आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूनं पिवळं.

४ नोव्हे.
पहिली मंडई. सकाळपासून रांग. नव्या नवरी, पोट्टे गॉगल लावून, एक मानूस बैलासंगं. मामा : "बैलाले म्हना हालू नको." तो मानूस : "तो नाही हालनार, मलेच खोकला आहे."
लाल दिवा लागला का लोक दारापासून मागं सरकतात. एक म्हातारी मामीले म्हने, आतमधी देव बसवला का वं?

६ नोव्हे., कारधा
वैनगंगेच्या काठी डब्बा उभा केला, मामी कपडे धुते. पुलाच्या त्या बाजूनं भंडारा दिसते.
ता. संगं एकदा इथं आली होती, मी सातआठ वर्साची असन. ती पान्यात उतरली, मी काठावर रडत. तिनं तिथूनच लुगड्याचा पदर फेकला, म्हने धर आन ये. गेली मी.
तिची बोलाची रीत आठवून पायली. आवाज आठवे ना. चेहरा दिसते, आवाज नाही. भेव वाटलं.

८ नोव्हे., चि.
पोहोचलो. सगळं काळं आहे इथं. रस्ता काळा, झाडाचे पानं काळे, मॅंगनीजचे ढीग. लेबर कॉलनीचे घर एका रांगेत. खदानीची पाळी सुटली का भोंगा वाजते, तवा मानसं निघतात, तेबी काळे.
मामानं डब्बा मंडईच्या जागी, कॉलनीच्या समोरच उभा केला. उद्या मंडई.
"येईन का ती?" मी विचारलं.
मामा : "आख्खा गाव येते फोटो काढाले. सासू काय आभाळातून पडली?"

९ नोव्हे.
आली.

तिघी जनी आल्या. ता.ची सासू, नणंद, ता. मागं. सासूनं मामाले ओळखलं. म्हनली, "फोटो काढाले आलो. पाहुनपनाले नाही."
मामा : "फोटोवाल्याकडं सगळे फोटोच काढाले येतात, विहीनबाई. बसा."
सासू खुर्चीवर. ता. मागं उभी, खुर्चीवर हात. मी पडदा धरून होती. ता.नं मले पायलं. मान नाही हालवली, डोळेच. मामा म्हनला, हालू नका. ती हाललीच नाही, डोळ्याइतून पानी तेवढं.
मंग नणंद मंडईतला आकाशपाळना पाहाले पळाली.

मामानं दोन फोटो काढले. तासाभरानं फिल्म धुवून बाहेर आला. "विहीनबाई, एकात सूनबाईचे डोळे मिटले वाटते. कोनता छापाचा ते आत येऊन पाहा लागते. तुमाले निगेटिव कळन का?"
सासू : "मले काय कळते त्यातलं."
मामा : "मंग सूनबाईले पाठवा. पोरगी दाखवन. आत आनखी एकाच मानसाची जागा आहे, मी इथं तुमच्यासंगं बसतो."

ता. आत आली. दार लावलं. मी बटन दाबलं, लाल झालं. मंग बाहेरचाबी लागला असन.
ता.नं मले खालपासून वरपरेंत पायलं.
मंग म्हनली, "किती वाढली वं तू."
आवाज तोच. जसाचा तसा.
तिनं बटनाले हात लावला. "हे तू केलं?"
"हं."
"बाबानं शिकवलं?"
"हं."
"बाबा माहं नाव घेतात काय?"
"घेतात," मी म्हनली. खोटंच.
तिनं पदर जरा सोडला. मले दिसलं. "सातवा," ती म्हनली. "अर्धा झाला."
मी निगेटिव हातात धरून उभी. लाल लाइटात तिचे हात कसे दिसत होते. नखाइत मॅंगनीज.
मंग ती हळू म्हनली, "पहिलं गेलं वं. मागच्या हिवाळ्यात. हे पाळीवर होते, बाकीचे लग्नाले गेलते. मी एकलीच होती घरी. मायले नको सांगू."
असं म्हनली जसं भाजीत मीठ जास्त झालं म्हनते.

"इथं नाही राहाचं मले बाळंतपनाले. भेव लागते. पन सासू म्हनते, बापानं स्वता इथं येऊन हात जोडले तर पाठवतो. बाबा येनार नाही. मले माहीत आहे, बाबा येनार नाही."
मायनं देल्लेलं दुसरं गाठोडं उघडून देल्लं. अनरसे होते, एक जुनं मऊ लुगडं. तिनं लुगडं तोंडाले लावलं. वास घेत राहिली. एक अनरसा तिथंच खाल्ला, उभ्याउभ्या, मंग दुसरा. मी तिचा हात धरला. किती वेळ माहीत नाही.

बाहेरून सासू : "का चाललं आतमधी? पोळ्या लाटून राहिल्या का?"
मामा : "लाल लाइट आहे न, विहीनबाई! आता दार उघडलं तर तुमचंच तोंड काळं येईन फोटोत!"
लोक हासले. सासूबी हासली असन, नाही तर चूप बसली असन.

आम्ही काहीच छापत नव्हतो. कागद काढलाच नव्हता. नुसता लाल लाइट जाळून बसलो होतो.
पन दिवसभराचं काम, जीप सुरूच नव्हती केली. लाइट मंद होत गेला. बिडीच्या टोकासारखा झाला. मी वायर हालवून पायली, काही फरक नाही. मले समजत होतं का बॅटरी उतरली, तरी हालवत राहिली. मंग विझला. अंधारात ता.नं माह्या तोंडावरून हात फिरवला, आंधळं मानूस फिरवते तसा.
बाहेरचाबी विझला. सासूनं दार उघडलं. "गेला न तुमचा लाइट."
ता.चे डोळे तवापरेंत कोरडे. म्हनली, "दुसरा चांगला आला."
गाठोडं तिनं पदराखाली नेलं. मागं नाही पायलं.

१० नोव्हे.
मामानं रातीच जीप धक्क्यानं सुरू करून फोटो छापला. सासू सकाळी एकलीच येऊन घेऊन गेली. मामा म्हनला, पोरगीले बाळंतपनाले पाठवा न. तिचं तेच, "बापाले पाठवा आधी." पन मंग फोटो पाहात उभी राहिली. म्हनली, "माहा चांगला आला." आन गेली.
मामाले मी पहिल्याचं नाही सांगतलं. नको म्हनली होती ती.

११ नोव्हे., तुमसर
बॅटरी चार्ज केली. मामा म्हनला, आपल्यासाठी एक तूच छाप. लाल. कागद. पांढरा : एक, दोन, तीन. लाल. कागद औषधाच्या पान्यात टाकला. आधी ता.चे केस आले, मंग लुगड्याचे काठ, चेहरा सगळ्यात मागून.
सासू अर्धी कापता आली असती. नाही कापली.

१३ नोव्हे., सानगडी
मामानं एस्टीच्या बशीत बसवून देल्लं. घरी आली. मायनं फोटो हातात घेतला, उजेडात नेला. कोनी काही सांगतलं नाही. पाहून म्हनली, "कितवा?"
"सातवा. अर्धा झाला."
माय खालीच बसली. बोटावर मोजाले लागली. "आठव्यात जागचं हालवत नाहीत. म्हंजे बारातेरा दिवस उरले." मंग म्हनली, "तुह्या बाबाले कोन सांगीन?"
"तू."
"माह्यासंगं या गोष्टीवर बोलत नाहीत ते. उठून जातात. तू सांग."
मी! घरात दुसरं कोनी नाही आन सांगाचं कोनी, त मी.

१४ नोव्हे.
दुकानात दिवसभर बाबाजवळ बसली. नाही सांगतलं.

१५ नोव्हे.
नाही. एकदा "बाबा" म्हनली. त्याहिनं पायलं. मी म्हनली, ॲसिड संपलं. ॲसिड संपलं नव्हतं.

१६ नोव्हे.
फोटो त्याहिच्या हत्याराच्या पेटीत ठेवला, वरच. बाबानं पायला. पेटी बंद केली. जेवाले घरी आले, जेवून उठले. फोटो पेटीतच आहे, काढून नाही देल्ला.
मायनं रात्री भांडे आपटले.

१८ नोव्हे.
सांगतलं.
बाबा डायनामोची वायर झाळून राहिले होते, माह्याकडं पाठ. चेहरा दिसत नव्हता म्हनूनच जमलं वाटते. बाळंतपनाचं सांगाले गेली आन तोंडातून भलतंच निघालं. "बाबा, ताईचं पहिलं गेलं."
हात थांबला. "कवा?"
"मागच्या हिवाळ्यात."
"कोन होतं जवळ?"
"कोनी नाही. एकलीच होती."
झाळनीचा धूर निघत होता, वायरीचं वरचं जळाले लागलं. बाबानं कधी वायर नाही जाळली. मंग बाकीचं सांगतलं, सगळं. सातवा, सासू, हात जोडाचं. शाळेत जेवढं सात वर्सात नाही बोलली तेवढं बोलली असन.
बाबा म्हनले, "जा घरी." रागानं नाही.
ता.नं नको सांगू म्हनलं होतं. मायले नको, असं. बाबाचं काही नव्हती म्हनली. पन मले माहीत आहे तिचा अर्थ काय होता. सांगतलं मी. ती मले काय म्हनन?

१९ नोव्हे.
दुकान बंद. बाबा घरीच नाही, शेताकडं गेले म्हनतात. आमच्याजवळ शेत नाही. बोडीच्या पारीवर, पान्याकडं पाहात बसले होते, शेजारच्या काकानं पायलं.

२० नोव्हे.
पहाटे उठून आंघोळ केली. पांढरा सदरा, टोपी. मायनं विचारलं, कुठी? "भंडाऱ्याले. बॅटरीच्या प्लेटा संपल्या."
प्लेटा चार पेट्या आहेत. मीच रचल्या मागच्या महिन्यात.
माय कपड्याइची पेटी उघडून बसली होती. लग्नातलं वापस आलेलं ते लुगडं जाग्यावर नाही. त्याच्या शेजारी मायचं स्वताचं चांगलं होतं, पिवळ्या काठाचं, तेबी नाही.
कोनतं कोनासाठी नेलं? दोन्ही कायले? भांडाले गेले का आनाले गेले? बाबाचा हात जुळन काय ता.च्या सासूसमोर? मी डोळे मिटून पाहाचा प्रयत्न करते, बाबाचे जोडलेले हात. नाही दिसत.

२१ नोव्हे.
आज येतील तर सांजेच्या बशीनं. नाही तर भांडन झालं असन. नाही तर ता.च नाही म्हनली असन, माह्यावर रागावून. नाही तर डॉक्टरनं हालू नको म्हनलं असन. काही होऊ शकते.
दुकान मी उघडलं. दोन गिऱ्हाइकं आले, दोघाइसंगं बोलली. दोघंबी चकरावले.
आत्ता मायनं आवाज देल्ला, तांदूळ किती टाकू?
मी म्हनली, चौघाइचे टाक.
तांदळाच्या डब्ब्यात माप बुडवाचा आवाज आला. एक. दोन. तीन. मंग थांबली. मी इथं पेन धरून ऐकून राहिली.
चार.
फाट्यावर बशीचा हॉर्न वाजला. जाते.